ठेवणें आणि सांपडणें

घरांत वस्तु आहे हें ठाऊक असणें एक, आणि ती हवी त्या वेळीं हातीं येणें दुसरें. ज्या घरांत तीन-चार भावांचे संसार एका छपराखालीं नांदतात, तेथील गृहिणींस या दोहोंमधील अंतर समजावून सांगणें नलगे. सणावारीं लागणारें मोठें पातेलें, मुलाच्या शाळेंत दाखवावयाचा जन्माचा दाखला, शेताच्या मोजणीचा नकाशा, आजोबांनीं उतरून घेतलेली पोथी, हीं सर्व घरांत असतात. परंतु ‘आहे हो, कोठें तरी जपून ठेवलेलें आहे’ या उत्तरानें पातेलें चुलीवर चढत नाहीं आणि दाखला कचेरींत दाखल होत नाहीं. जें सांपडत नाहीं, तें त्या घटकेपुरतें नसल्यासारखेंच होय. या महिन्यांत आम्ही याच साध्या गोष्टीचा विचार जरा मोठ्या प्रमाणावर करणार आहों. ग्रंथालयांत लाखों ग्रंथ, दप्तरखान्यांत हजारों रुमाल आणि वस्तुसंग्रहालयांत हजारों वस्तू असतात. तेथें हवी ती वस्तु थोडक्या वेळांत कशी हातीं येते, ती तशाच रीतीनें कां लावलेली असते, आणि त्यांतून आपल्या माळ्यावरील बासनांविषयीं कांहीं घेण्यासारखें आहे काय, हा आजचा विषय आहे.

अडचणीचें मूळ एकच आहे. वस्तु एका वेळीं एकाच जागीं राहते, आणि तिचा शोध करणारे मात्र अनेक वाटांनीं येतात. कपाटांत ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत आहे असें धरा. एकजण ती ज्ञानेश्वरांचा ग्रंथ म्हणून शोधील. दुसरा गीतेवरील टीकांत पाहील. तिसऱ्यास ती जुन्या मराठी भाषेचा नमुना म्हणून हवी असेल. आणि घरांतील नातवास पणजोबांनीं समासांत केलेल्या टिपांसाठीं हवी असेल. चौघांचेही प्रश्न योग्य आहेत. पण प्रत एक आणि फळीही एक. ती कोणत्याही फळीवर ठेवली तरी एकाची वाट सरळ होते आणि तिघांची वांकडी. पुढें कोण काय विचारील याचा आधींच बांधलेला अंदाज, हीच मांडणीची खरी व्याख्या होय.

या अडचणीवरील तोडगा आमच्याकडील पेढीवरच्या कारकुनांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. जमाखर्च ज्या दिवशीं झाला त्या दिवशीं, आणि ज्या क्रमानें झाला त्या क्रमानें कीर्दींत लिहावयाचा; तेथें गुळाचे पैसे, व्याजाची रक्कम आणि देवळाची वर्गणी एकाखालीं एक येतात. मग तींच कलमें खतावणींत खातेंवार उतरावयाचीं आणि शेजारीं कीर्दीचें पान टाकावयाचें. ‘दसऱ्याच्या दिवशीं काय काय व्यवहार झाला’ या प्रश्नाचें उत्तर कीर्द देते. ‘अमक्याकडून येणें किती’ याचें उत्तर खतावणी देते. खतावणी लिहून झाली म्हणून कोणी कीर्द फाडून टाकीत नाहीं, कारण वाद उपस्थित झाला म्हणजे पुरावा कीर्दीचाच. मूळ क्रम मोडावयाचा नाहीं, आणि शोधणाऱ्यांसाठीं निरनिराळ्या वाटा यादींत करून द्यावयाच्या, असें जें तत्त्व या दोन वह्यांत आहे, तेंच पुढें मोठमोठ्या संस्थांस पुष्कळ नुकसान सोसून शिकावें लागलें.

ज्या वाचकांचा संस्कृताशीं परिचय आहे त्यांस याहूनही जुनें उदाहरण सांगतां येईल. ऋग्वेदसंहितेंत वालखिल्य सूक्तें धरून एकंदर १०२८ सूक्तें आहेत. त्यांपैकीं दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचीं सहा मंडलें गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्रि, भरद्वाज आणि वसिष्ठ या ऋषिकुलांचीं आहेत. म्हणजे तेथें सूक्त कोणाच्या घरून आलें यावर त्याची जागा ठरली. मंडलाच्या आंत पाहावें तों देवतेप्रमाणें क्रम लावलेला: आधीं अग्नि, मग इंद्र, मग इतर, आणि एका देवतेच्या सूक्तांत अधिक ऋचांचें सूक्त आधीं, कमी ऋचांचें मागून. नववें मंडल मात्र सगळें सोमाचें, म्हणजे विषयवार. पाठ करणाऱ्याच्या सोयीसाठीं याच संहितेची ८ अष्टकें व ६४ अध्याय अशी दुसरी विभागणी आहे. तींत ऋषि व देवता यांचा कांहीं संबंध नसून साधारण सारखे भाग पाडणें एवढाच हेतु आहे. आणि कात्यायनाच्या नांवावर असलेली सर्वानुक्रमणी पाहिली तर प्रत्येक सूक्ताचें आरंभींचें पद, ऋचांची संख्या, ऋषि, देवता आणि छंद एवढें सर्व तींत क्रमानें नोंदलेलें आहे. आजच्या ग्रंथालयांत एका ग्रंथाच्या नोंदींत जे रकाने असतात त्यांहून हे रकाने फारसे निराळे नाहींत.

या क्रमाचा एक उपयोग असा झाला कीं, तो लावणाऱ्यांच्या मनांत तो असणें शक्य नव्हतें. हर्मान ओल्डेनबर्ग या जर्मन पंडितानें १८८८ साली आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, या सहा मंडलांत जें सूक्त ऋचासंख्येचा उतरता क्रम मोडतें तें बहुधा मागाहून आलेलें, किंवा अनेक लहान सूक्तें एकत्र होऊन झालेलें असावें. क्रम जसाच्या तसा राहिला म्हणूनच त्यांतील व्यत्यय दिसला. कोणी उत्साही मनुष्यानें मध्येंच सर्व अग्निसूक्तें एकीकडे आणि सर्व इंद्रसूक्तें दुसरीकडे केलीं असतीं, तर हा पुरावा कायमचा नाहींसा झाला असता.

पाणिनीच्या अष्टाध्यायीची गोष्टही अशीच. तींतील सुमारें ४००० सूत्रें ८ अध्याय व ३२ पादांत रचिलेलीं आहेत. एका सूत्रांतील पद पुढच्या सूत्रांत अनुवृत्तीनें चालत येतें. त्यामुळें सूत्राचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो, आणि दोन नियमांत विरोध आला असतां कोणता बलवान याचाही निर्णय पुष्कळदां स्थानावरून होतो. सतराव्या शतकांत भट्टोजी दीक्षितांनीं सिद्धांतकौमुदींत तींच सूत्रें संधि, सुबन्त, समास, तिङन्त अशा प्रकरणांनीं लाविलीं. विद्यार्थ्याची मोठी सोय झाली, कारण एक रूप साधावयास लागणारे नियम त्यास एके ठिकाणीं मिळूं लागले. परंतु जागेवरून उचललेल्या सूत्राची अनुवृत्ति तुटली, ती वृत्तींत शब्दांनीं भरून काढावी लागली. आणि कौमुदीच्या छापील आवृत्तींत सूत्राच्या शेजारीं पाणिनीचा अध्याय, पाद व सूत्रांक देण्याची रीत पडली. नवी मांडणी खुशाल करावी, पण मूळचा पत्ता सोडूं नये, हा धडा त्या बारीक अंकांत आहे.

आतां ग्रंथालयाकडे वळूं. पाश्चात्त्य देशांतही पूर्वीं ग्रंथाचा क्रमांक म्हणजे त्याच्या जागेचाच पत्ता असे: अमुक कपाट, अमुक फळी, डावीकडून अमुक. फळी भरली कीं त्याच विषयाचा नवा ग्रंथ दुसऱ्या दालनांत जाई, आणि कपाटें हलविलीं कीं सर्व क्रमांक फुकट जात. अमेरिकेंतील अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या मेलव्हिल ड्यूई यानें १८७६ साली एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि क्रमांक फळीस न देतां विषयास दिला. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हां दहा पोटविभाग, आणि पुढें दशांशचिन्ह. दशांश अपूर्णांकाचा गुण शाळेंतील मुलांस ठाऊक असतो कीं, कोणत्याही दोन संख्यांमध्यें तिसरी संख्या मावतेच. त्यामुळें नवा विषय निघाला तरी जुने क्रमांक न हलवितां त्यास जागा करून देतां येते, आणि कपाटें या खोलींतून त्या खोलींत नेलीं तरी ग्रंथांचा परस्परसंबंध ढळत नाहीं. आपल्या गांवच्या वाचनालयांतील पुस्तकाच्या पाठीवर जो अंक चिकटविलेला असतो, तो बहुधा याच कुळांतील असतो.

परंतु मांडणी करणारा ज्या ओसरीवर उभा असतो, तेथूनच त्यास जग दिसतें. ड्यूईच्या पद्धतींत ८०० हा साहित्याचा वर्ग. त्यांत इंग्रजीस ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०, लॅटिनला ८७० आणि ग्रीकला ८८० असे एकेक स्वतंत्र वाडे मिळाले. उरलेल्या जगास मिळून ८९० हा एक. त्यांत संस्कृत ८९१.२ आणि मराठी ८९१.४६. धर्माच्या वर्गांत २२० पासून २८० पर्यंतचे सात विभाग ख्रिस्ती धर्मास, आणि इतर सर्व धर्मांस २९०; हिंदु धर्म २९४.५. हें कोणी द्वेषानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या कॉलेजच्या कपाटांत जे ग्रंथ होते त्यांस ती मांडणी शोभत होती. पण तीच पद्धति मराठी ग्रंथालयानें घेतली म्हणजे असें होतें कीं, हजारों पुस्तकांच्या पाठीवर तेच पांच अंक पुन्हां पुन्हां लिहावे लागतात, आणि कथा, काव्य, नाटक यांचा भेद दाखवावयास शेपूट वाढवीत जावें लागतें. एकाच्या प्रश्नांसाठीं बांधलेल्या घरांत दुसऱ्याचे प्रश्न अडचणीनें राहतात, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

ही अडचण आपल्या देशांत लवकरच जाणवली. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं १९१० साली अमेरिकेंतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांची योजना उभारली, खेडोपाडीं ग्रंथांच्या फिरत्या पेट्या धाडिल्या. आणि बॉर्डननें तेथील ग्रंथांसाठीं निराळें वर्गीकरण तयार केलें. मूलगामी विचार मात्र मद्रासेकडे झाला. शियाळि रामामृत रंगनाथन् हे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठीं लंडनला गेले. तेथें एका दुकानांत मेकॅनोचा खेळ त्यांच्या पाहण्यांत आला. भोकें पाडलेल्या त्याच पट्ट्या, तींच चाकें आणि तेच स्क्रू. पण जोडणी निराळी केली कीं कधीं गाडी होते, कधीं पूल होतो. विषयांचेंही असेंच करतां येईल, हा विचार त्यांच्या मनांत आला, आणि १९३३ साली त्यांची द्विबिंदु पद्धति प्रसिद्ध झाली. तयार विषयांची लांबलचक यादी करण्याऐवजीं त्यांनीं विषयाचे घटक पाडिले: ज्याविषयीं लिहिलें आहे तो मुख्य पदार्थ, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल. ‘विसाव्या शतकांत कोंकणांतील आंब्याच्या रोगांवर केलेले उपाय’ अशा नांवाचें पुस्तक आलें तर आंबा, रोग, उपाय, कोंकण आणि विसावें शतक हे घटक वेगळे ओळखावयाचे आणि विरामचिन्हांनीं जोडून क्रमांक बनवावयाचा. वैशेषिक दर्शनांतील द्रव्य, कर्म, दिक्, काल यांची आठवण आमच्या कित्येक वाचकांस येथें होईल. एका ग्रंथाकडे येणाऱ्या अनेक वाटा क्रमांकांतच दाखवितां आल्या, हें या पद्धतीचें मर्म होय. १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं ग्रंथालयाचे जे पांच नियम सांगितले, त्यांत वाचकाचा वेळ वांचविणें हा एक स्वतंत्र नियम आहे, हें विशेष लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे.

फळीवर जागा एकच, पण यादींत जागा पाहिजे तितक्या. म्हणून ग्रंथालयाचा खरा प्राण त्याच्या यादींत असतो. फ्रेंच राज्यक्रांतींत मठांचे व सरदारांचे ग्रंथ सरकारजमा झाले, तेव्हां १७९१ साली त्यांची नोंद करण्यासाठीं खेळावयाच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठी वापरण्यांत आल्या. पत्त्याचा गुण असा कीं, नवी नोंद मध्येंच घालतां येते. बांधलेल्या वहींत ती सोय नाहीं. पुढें सर्वत्र रूढ झालेल्या कार्डांचें हें आद्य रूप. एका ग्रंथाचीं तीन-चार कार्डें करून एक लेखकाच्या नांवाखालीं, एक ग्रंथाच्या नांवाखालीं आणि एक विषयाखालीं ठेविलें कीं कोणत्याही वाटेनें येणारा फळीपर्यंत पोंचतो.

यादी करणें हें कारकुनी काम आहे असें समजणाऱ्यांनीं एक लहान परीक्षा देऊन पाहावी. राम गणेश गडकरी यांनीं नाटकें आपल्या नांवानें लिहिलीं, कविता ‘गोविंदाग्रज’ या नांवानें लिहिली आणि विनोद ‘बाळकराम’ या नांवानें लिहिला. यादींत हीं तीन नांवें तीन ठिकाणीं पडलीं तर एका माणसाचे तीन लेखक होतात. आणि ज्यास फक्त बाळकराम ठाऊक आहे त्यास इतर दोघांचा पत्ता लागत नाहीं. म्हणून जाणता सूचिकार एका नांवाखालीं सर्व ग्रंथ आणतो व इतर नांवांखालीं ‘तेथें पाहा’ अशी खूण ठेवितो. अशा खुणा घालावयास वाङ्मय ठाऊक असावें लागतें. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि केली, ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. पुढील १३ वर्षांच्या ग्रंथांचा भाग १९६१ साली निघाला. संस्कृत हस्तलिखितांच्या बाबतींत थिओडोर आउफ्रेख्त यानें निरनिराळ्या याद्या एकत्र करून १८९१, १८९६ व १९०३ साली तीन भागांत जी सूचि काढिली तिच्याविषयींही हेंच म्हणावें लागेल. आणि १९३५ साली मद्रास विद्यापीठानें तिची नवी, विस्तृत आवृत्ति हातीं घेतली. हे ग्रंथ कोणी रसानें वाचीत नाहीं. पण त्यांच्यावांचून संशोधकाचें पाऊल पुढें पडत नाहीं.

दप्तरखान्याचा, म्हणजे ज्यास आतां पुराभिलेखागार म्हणतात त्याचा, न्याय ग्रंथालयाहून वेगळा आहे. ग्रंथ स्वतःपुरता पूर्ण असतो. कागद तसा नसतो. ‘दोनशें रुपये पोंचले, बाकी समक्ष’ एवढ्याच मजकुराची एक चिठ्ठी घ्या. सुटी पाहिली तर ती निरर्थक आहे. पण ती कोणत्या गठ्ठ्यांत, कोणत्या पत्रांच्या वर आणि कोणत्या हिशेबाच्या खालीं होती हें कळलें तर कोणी कोणास कशासाठीं पैसे दिले हें उलगडतें. फ्रान्सांत क्रांतीनंतर निरनिराळ्या कचेऱ्यांचे व मठांचे कागद एकत्र आले, तेव्हां तेथील विद्वानांनीं पुष्कळसे ग्रंथालयाप्रमाणें विषयवार लावावयास घेतले. मांडणी दिसावयास सुरेख झाली. परंतु कागद कोणत्या घरचा हें समजेनासें झालें. या अनुभवानंतर १८४१ साली फ्रेंच सरकारनें प्रांतोप्रांतींच्या दप्तरखान्यांस हुकूम केला कीं, एका कचेरीचे किंवा एका घराण्याचे कागद एकत्र राहावेत, दुसऱ्यांत मिसळूं नयेत. प्रशियानें १८८१ साली हाच नियम स्वीकारला, आणि १८९८ साली हॉलंडांतील तीन दप्तरदारांनीं एक हस्तपुस्तिका लिहून तो पक्का केला. मूळ घर आणि मूळ क्रम, हीं दप्तरखान्याचीं दोन सूत्रें त्यांतून रूढ झालीं.

पुण्याचें पेशवे दप्तर आपणां सर्वांस ऐकून तरी ठाऊक आहे. १८१८ साली पेशवाई गेल्यावर तें इंग्रज सरकारच्या ताब्यांत आलें. तेथें मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले असून ते रुमाल हजारोंनीं मोजावे लागतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. त्या खंडांत पत्रें प्रसंगवार व व्यक्तिवार लाविलीं आहेत, कारण छापील ग्रंथाच्या वाचकाची ती गरज आहे. पण मूळ कागद दप्तरांत आपल्या रुमालांतच आहेत. ज्यास निवडीविषयीं शंका येईल त्यास रुमाल सोडून पाहण्याची वाट मोकळी आहे. कौमुदी छापली, अष्टाध्यायी मोडली नाहीं.

वस्तुसंग्रहालयांतील अडचण तिसऱ्याच प्रकारची आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचें नांव असतें, कागदावर निदान मजकूर असतो. समई, अडकित्ता, गंजिफांची पेटी यांच्या अंगावर कांहींच लिहिलेलें नसतें. म्हणून वस्तु आंत आली कीं तिला पहिल्याच दिवशीं एक क्रमांक देऊन ती कोठून, कोणाकडून, केव्हां आली हें वहींत लिहावें लागतें. हा क्रमांक पुसला गेला तर वस्तु कपाटांत असूनही तिची जन्मकथा हरवते. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं आयुष्य वेंचून घरगुती वापराच्या वस्तूंचा जो संग्रह केला आणि आपल्या अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवें लोकांस दिला, त्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत सुमारें २०,००० वस्तू आहेत. दालनांत त्यांतील थोडाच भाग मांडतां येतो. बाकीच्या वस्तूंस नोंदवहीच प्रकाशांत ठेवते.

नीट केलेली मांडणी कधीं कधीं नवें ज्ञानही देते. कोपनहेगन येथें क्रिस्टियन थॉमसेन हा व्यापाऱ्याचा मुलगा १८१६ साली पुराणवस्तूंच्या संग्रहावर नेमला गेला. नुसत्या आकारावरून वस्तू वेगळ्या न करितां, कोणत्या वस्तू एकाच थडग्यांत किंवा एकाच पुरलेल्या ठेव्यांत एकत्र सांपडल्या हें तो पाहत गेला. त्यावरून पाषाण, कांसें आणि लोखंड अशीं तीन युगें क्रमानें होऊन गेलीं असा सिद्धांत त्यानें बसविला व १८३६ साली मार्गदर्शिकेंत छापला. आज शाळेंतील मुलें जीं युगें पाठ करितात, त्यांचा आरंभ कपाटें लावण्यांत झाला. ज्या ज्या वस्तूबरोबर ‘कशाच्या शेजारीं सांपडली’ ही नोंद नव्हती, ती त्यास या कामीं मुकीच राहिली असणार.

आतां एक आक्षेप. आमच्या घरांतील तरुण मंडळी म्हणतील कीं, संगणकांत शब्द टाकला कीं क्षणांत उत्तर येतें, मग हें वर्गीकरणाचें लचांड हवें कशाला? संगणकानें फार मोठी सोय केली आहे यांत शंका नाहीं. एका वस्तूस शेंकडों वाटा करून देणें त्यास सहज जमतें. परंतु तो वाट तयार करितो ती कोणी तरी लिहिलेल्या शब्दांवरून. गोविंदाग्रज व बाळकराम एकच हें कोणी सांगितलेलें नसेल तर तो तें आपण होऊन खात्रीनें सांगूं शकणार नाहीं. मोडी पत्राचें छायाचित्र घेतलें, पण त्यावर कोणाचें, कोणास, कोठून हें लिहिलें नाहीं, तर तें चित्र म्हणजे दुसऱ्या प्रकारचा माळाच. प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें आज हजारों छायाचित्रें आहेत. पन्नास वर्षांनीं त्यांतील चेहरे कोण ओळखील, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

हें सर्व लिहिण्याचें कारण आमच्या वाचकांच्या घरांतच आहे. जुने वाडे पाडून तेथें सदनिका होत आहेत, आणि वाड्याबरोबर माळेही जात आहेत. कुलवृत्तान्त, खरेदीखतें, मोडी पत्रव्यवहार, हस्तलिखित पोथ्या, आजीच्या लग्नाच्या खर्चाची यादी, हें सर्व वाटणीच्या आठवड्यांत उतरतें. मग कोणी उत्साहानें सर्व बासनें एकदम सोडतो, महत्त्वाचे वाटतील ते कागद एकीकडे काढतो आणि उरलेले रद्दीवाल्यास देतो. ‘महत्त्वाचे’ कोणते हें ठरविणारा आपल्याच प्रश्नांनीं तें ठरवितो. नातवाचे प्रश्न त्यास ठाऊक नसतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जे २२ खंड काढिले, ते पुष्कळ अंशीं अशाच घरोघरच्या दप्तरांतून आले. त्या घरांतील मंडळींनीं मोडी वाचतां येत नाहीं म्हणून तें दप्तर चुलींत घातलें असतें तर आपला कितीसा इतिहास उरता?

म्हणून चार गोष्टी सुचवितों. बासन सोडण्यापूर्वीं, आहे त्या स्थितींत, त्याचें छायाचित्र घ्यावें आणि त्यास क्रमांक द्यावा. एका वेळीं एकच बासन सोडावें, व त्यांतील कागद दुसऱ्यांत मिसळूं नयेत, मग ते कितीही विजोड दिसोत. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांत मऊ पेन्सिलीनें बासनाचा व कागदाचा अंक घालावा. शाई, डिंक आणि चिकटपट्टी यांस हात लावूं नये. मग एका वहींत क्रमांक, काय आहे, कोठें सांपडलें, कोणाचें होतें आणि कोणत्या साली असे पांच रकाने पाडून नोंद करावी, आणि वहीच्या प्रती सर्व भावांच्या घरीं असाव्यात. वाटणींत भांडीं आणि जमीन वांटावी, दप्तर शक्य तों एकत्र राखावें. राखणें अशक्य असेल तर पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थांकडे चौकशी करावी, आणि देतांना वहीही द्यावी.

चौथ्या रकान्यासाठीं एक सूचना निराळी. छायाचित्रांतील नांवें, पत्रांतील टोपणनांवें आणि ‘अप्पांची आत्या’ म्हणजे नक्की कोण, हें कोणत्याही ग्रंथालयांत मिळणार नाहीं; तें घरांतील ऐंशीच्या घरांतल्या माणसांपाशींच आहे, आणि तें दप्तर कुलूप लावून राखतां येत नाहीं. येत्या दिवाळीच्या आवरासावरींत पहिलें बासन खालीं उतरेल, तेव्हां गांठ सोडण्यापूर्वीं वही आणि पेन्सिल जवळ घ्यावी, आणि त्यांना शेजारीं बसवावें.